प्रॅक्टिकलच्या आधी आणि नंतर: विद्यापीठातल्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात मी बावीस वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे. दर वर्षी नवी बॅच येते, कधी नवे शिक्षक रुजू होतात, कधी शेजारच्या कॉलेजातून नवा सहायक फोन करतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ज्यांची उत्तरं मी तोंडी देत आले ते इथे लिहून ठेवते आहे.

प्रॅक्टिकल तर सर-मॅडम घेतात. मग प्रयोगशाळा सहायक काय करतो?

शिक्षक प्रयोगामागचं तत्त्व समजावतात, जर्नल तपासतात, व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा घेतात. टेबलावरचं उपकरण आज खरं रीडिंग देईल याची खात्री करणं हे आमचं काम. वीस मुलांची बॅच आणि दोघांची जोडी धरली तर दहा टेबलं मांडलेली हवीत. रोटेशनप्रमाणे दर आठवड्याला प्रत्येक जोडी पुढच्या टेबलावर सरकते, त्यामुळे एक सेट बंद पडला की त्या आठवड्यापुरतं नुकसान होऊन थांबत नाही, पुढचं सगळं वेळापत्रक विस्कटतं. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला सत्राचे तीस तास असतात. त्यातला एक तास 'मॅडम, आमचा लॅम्प लागत नाही' यात गेला तर तो परत मिळत नाही.

शिवाय डेड स्टॉक रजिस्टर (कायमच्या वस्तूंची नोंदवही), खरेदीचे प्रस्ताव, दुरुस्ती, परीक्षेची मांडणी आणि सुरक्षितता. दिसत नाही ते काम जास्त आहे.

बॅच अकराला असेल तर तयारी कधी सुरू करायची?

ते प्रयोगावर आहे. झेनर डायोडचा सेट दहा मिनिटांत लागतो. न्यूटनच्या वलयांना, म्हणजे भिंग आणि सपाट काच यांच्यामधल्या हवेच्या थरामुळे दिसणाऱ्या गोल कड्यांना, मात्र मी पाऊण तास देते. हा प्रयोग नीट लावता आला की प्रकाशाचे बाकीचे प्रयोग लावायचा धीर येतो, म्हणून तो सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी सोडियम लॅम्प लावायचा. सुरुवातीला तो गुलाबी-लाल दिसतो, कारण आत आधी निऑन पेटतो. सोडियमची वाफ व्हायला आणि प्रकाश नीट पिवळा व्हायला दहा-एक मिनिटं जातात. त्याआधी वलयं शोधत बसू नये. तोवर भिंग आणि खालची काच स्वच्छ करून घ्यायची. आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवायची, मग लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन एकाच दिशेने एकदा पुसायचं. ओढणीने किंवा रुमालाने कोरडं घासलं की धुळीचा कण काचेवर कायमची रेघ ओढून जातो.

मग भिंग काचेवर ठेवून ४५ अंशांची काच लावायची आणि ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपमधून बघायचं. मधला ठिपका काळा दिसला पाहिजे. तो उजळ दिसला तर भिंग आणि काच यांच्या मध्ये कण अडकला आहे असं समजून पुन्हा पुसायचं. भिंगाच्या पृष्ठाची वक्रता त्रिज्या १०० सें.मी. असेल, तर दहाव्या काळ्या वलयाचा व्यास पाच मिलिमीटरच्या जरा आत येतो. एवढा आकडा मी डोक्यात ठेवते. एकदा स्वतः मोजून पाहते आणि तसा आला की टेबल सोडते. मुलांना सांगायचं ते एकच: स्क्रू एकाच दिशेने फिरवत जा. वलय चुकलं म्हणून मागे फिरवलात, तर स्क्रूच्या आट्यांतली मोकळी जागा रीडिंगमध्ये शिरते. अशा वेळी बरंच मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने यायचं.

मर्क्युरी लॅम्पचं एक वेगळं ध्यानात ठेवा. गरम असताना बंद केला तर तो थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. 'दोन बॅचच्या मध्ये वीज वाचवू' म्हणून तो बंद करू नका.

माझं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही. उपकरण खराब आहे का?

हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला जातो आणि मला तो सर्वात महत्त्वाचाही वाटतो.

एकदा एका मुलाच्या जर्नलमध्ये गुरुत्व त्वरण बरोबर ९.८१ आलं होतं. दोलकाची लांबी १०० सें.मी., वीस दोलनांना लागलेला वेळ तीनही वेळा ४०.१२ सेकंद. मी त्याला बाजूला बसवून विचारलं, 'तीनदा बटण दाबलंस आणि तीनही वेळा सेकंदाचा शंभरावा हिस्सासुद्धा तोच आला?' तो गप्प राहिला. उत्तर आधी ठरवून वेळ उलटा काढलेला होता. त्याला रागवावंसं मला वाटलं नाही. पुस्तकात ९.८१ छापलेलं, मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये ९.८१, मग त्याला वाटलं की गुण त्या आकड्याला आहेत.

ते ९.८१ आपल्याकडचं नाहीच. विषुववृत्ताकडे येऊ तसं 'जी', म्हणजे गुरुत्व त्वरण, कमी होतं, उंचीवर गेलं की आणखी थोडं कमी होतं. पुण्याच्या अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर ते ९.७८ च्या आसपास भरतं. म्हणजे पुण्यातल्या मुलाने प्रामाणिक काम करून ९.७८ आणलं आणि पुस्तकाकडे बघून ते खोडलं, तर त्याने बरोबर उत्तर खोडलं.

अर्थात वीस दोलनांत हा फरक पकडता येत नाही. १०० सें.मी. च्या दोलकाला ९.८१ धरून वीस दोलनांना ४०.१२ सेकंद लागतात आणि ९.७८ धरून ४०.१८, आपल्या बोटाची चूक त्याहून मोठी असते. त्या मुलाला आणि त्याच्या जोडीदाराला मी शंभर दोलनं मोजायला बसवलं. कोन लहान ठेवला, लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली. पहिल्यांदा ९.७६ आलं, दुसऱ्यांदा ९.७९. 'मॅडम, यातलं कुठलं लिहू?' 'दोन्ही लिही. आणि फरक का पडला असेल तेही लिही.' त्या पानावर सरांनी सही केली ती पेन टेकवून, दोन वाक्यं लिहून. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हा उत्तर जुळलं नाही तर आधी शून्य त्रुटी बघा, लीस्ट काउंट (उपकरणाने मोजता येणारं सर्वात लहान माप) पुन्हा काढा, एकक तपासा. मग मला हाक मारा. उपकरण खराब असेल तर मी ते मान्य करेन आणि सेट बदलून देईन. रीडिंग मात्र बदलू नका.

सेट चालत नाही. पहिल्यांदा काय तपासायचं?

वीज येते आहे का, मग पॅच कॉर्ड (जोडणीच्या तारा), मग फ्यूज. दहातल्या आठ तक्रारी इथेच संपतात असा माझा अनुभव आहे.

पॅच कॉर्ड बाहेरून धडधाकट दिसते, आत बनाना पिनच्या तोंडाशी तार तुटलेली असते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवायचा, दोन्ही टोकं लावायची आणि कॉर्ड पिनपाशी हळूच वाकवायची. बीपचा आवाज तुटक झाला की ती कॉर्ड बाजूच्या डब्यात. दर सत्राच्या सुरुवातीला मी सगळ्या कॉर्ड अशा वाकवून पाहते. एक दुपार जाते, पण पुढच्या पंधरा आठवड्यांच्या हाका वाचतात.

मल्टिमीटरचं दुखणं ठरलेलं. करंटच्या रेंजवर ठेवून कुणीतरी तो थेट सप्लायच्या दोन टोकांना लावतो, आतला फ्यूज जातो आणि मीटर 'मेला' अशी तक्रार येते. योग्य अँपिअरचेच फ्यूज जवळ ठेवा. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा गुंडाळून काम भागवणं मी दुसरीकडे पाहिलं आहे. असं कधीही करू नका. पुढच्या वेळी मीटर जळेल किंवा कुणाचा हात भाजेल.

ओपॅम्पचा सर्किट चालत नसेल तर आयसी बदलण्याआधी दोन्ही बाजूंचा सप्लाय पोहोचतो आहे का ते बघा. बिचाऱ्या ७४१ चा, म्हणजे त्या ओपॅम्प आयसीचा, त्यात दोष नसतो.

पावसाळ्यात उपकरणं कशी सांभाळायची?

आपल्याकडे शैक्षणिक वर्ष आणि पाऊस बरोबरच सुरू होतात. मे महिन्यात कुलूप लावलेलं कपाट जुलैत उघडावं तर भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरलेले असतात. ती बुरशी. वरवरची असेल तर अल्कोहोलने जाते. काचेवरचा लेप तिने खाल्ला असेल तर डाग राहतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या सहकाऱ्यांना हा त्रास आमच्यापेक्षा कितीतरी जास्त होतो.

भिंगं, प्रिझम आणि ग्रेटिंग (अगदी जवळजवळ बारीक रेघा असलेली पट्टी) घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की त्याने पोटभर ओलावा घेतला असं समजायचं. ओव्हनमध्ये साधारण ११० ते १२० अंशांवर तापवलं की ते पुन्हा निळं होतं. निळ्या रंगात कोबाल्टचं संयुग असतं, म्हणून नवं घेताना केशरी रंगाचं घ्यावं. आमच्या जुन्या कपाटात पूर्वीच्या सहायकांनी खालच्या फळीवर कमी वॅटचा बल्ब बसवून घेतला होता. पावसाचे चार महिने तो जळत असे, आतली हवा जराशी उबदार राही. त्या कपाटातले प्रिझम आजही स्वच्छ आहेत.

ग्रेटिंगला मात्र पुसायचंच नाही. फक्त हवा मारायची, कडा धरून उचलायचं. बोटाचा एक ठसा म्हणजे तेवढा भाग गेला. मायकेलसन इंटरफेरोमीटरच्या आरशांचंही तेच, कारण त्यांचा चांदीचा किंवा अॅल्युमिनियमचा थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो.

सोनोमीटरच्या तारा आणि स्क्रू गेजला शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात पुरतो. विजेचं म्हणाल तर पावसात व्होल्टेज वरखाली होतं, तेव्हा महागड्या सेटना स्टॅबिलायझर द्या. आणि याच्या उलट, उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला विसरू नका. कोरड्या मातीत अर्थिंग नावापुरतं उरतं.

ब्रेकेजचे पैसे विद्यार्थ्याला भरावे लागतात का?

प्रत्येक विभागाचा नियम वेगळा. आमच्याकडे हाताळताना चुकून झालेलं नुकसान माफ असतं, मात्र नोंद होते. फुटलेलं लपवून ठेवू नका, कारण दुसऱ्या दिवशीची बॅच त्याच काचेवर हात ठेवते.

थर्मामीटर फुटून पारा सांडला तर?

मुलांना बाजूला करा, खिडक्या उघडा, पंखा बंद करा. झाडू मारायचा नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर नाहीच, कारण त्याने पारा बारीक होऊन पसरतो आणि वाफ वाढते. हातमोजे घाला, बोटातली अंगठी काढून ठेवा. सोनं पारा लगेच ओढून घेतं. जाड कार्डाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकत्र आणा, ड्रॉपरने उचला, बारीक कणांना चिकटपट्टी लावा. घट्ट बुचाच्या बाटलीत थोडं पाणी घालून त्याखाली पारा ठेवा. फरशीच्या फटींत गंधकाची पूड टाका. ती बाटली बेसिनमध्ये किंवा कचऱ्यात जाता कामा नये. घातक कचरा म्हणूनच तिची विल्हेवाट लागली पाहिजे.

आम्ही जमेल तिथे पाऱ्याचे थर्मामीटर काढून अल्कोहोलचे किंवा डिजिटल आणले. फोर्टिनचा बॅरोमीटर अजून भिंतीवर आहे, पण तो कुणी हलवत नाही.

लेझर आणि किरणोत्सारी स्रोत मुलांच्या हाती द्यायचे का?

द्यायचे, नियमांनी द्यायचे. हेलियम-निऑनचा लाल लेझर ६३२.८ नॅनोमीटरचा असतो आणि आपण वापरतो ते थोड्याच मिलिवॅटचे, तरी किरण डोळ्यात जाता कामा नये. टेबल अशा उंचीवर लावा की बसलेल्या मुलाच्या डोळ्याची पातळी आणि किरणाची पातळी एक येणार नाही. घड्याळ, अंगठी, चकचकीत पट्टी टेबलावर नको. बाजारातल्या हिरव्या पॉइंटरवर लिहिलेल्या ताकदीवर विश्वास ठेवून तो प्रयोगाला लावू नका.

गायगर-मुलर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं उपकरण, त्याचे स्रोत कुलपात असतात, रजिस्टरवर सही करून बाहेर येतात, चिमट्याने उचलले जातात आणि प्रॅक्टिकल संपल्यावर मोजून परत जातात. याबाबत अणुऊर्जा नियामक परिषदेचे नियम आहेत, ते विभागप्रमुखांच्या फाइलमध्ये न ठेवता लॅबच्या भिंतीवर लावा. नळीच्या तोंडाशी अभ्रकाचा फार पातळ पडदा असतो. त्याला बोट लावलं की नळी गेली.

'मागच्या वर्षीपेक्षा काउंट कमी येतात' अशी तक्रार आली की स्रोताची खरेदीची तारीख बघा. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षांचा. साडेदहा वर्षांपूर्वी आणलेला स्रोत आज पाव हिश्श्यावर आलेला असतो. सीझियम-१३७ ला निम्म्यावर यायलाच तीस वर्षं लागतात, तो तुमच्या नोकरीभर पुरेल.

खरेदीत सर्वात मोठी चूक कुठली होते?

स्पेसिफिकेशन ढोबळ लिहिणं. कंपनीचं नाव लिहिता येत नाही, म्हणून गुण नेमके लिहावे लागतात. २०१६ पासून सरकारी खरेदीचं जेम पोर्टल आलं, आता बरीच खरेदी तिथून होते, आणि निकष पुरे करणाऱ्यांत सर्वात कमी दर देणाऱ्याला ऑर्डर जाते. निकषच नीट लिहिले नसतील तर कुणाकडे बोट दाखवणार?

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे असे सहा स्पेक्ट्रोमीटर (प्रकाश किती कोनातून वळला ते मोजायची उपकरणं) आले. पेटीतून काढले तेव्हा चकचकीत. आमच्या मागणीपत्रात फक्त 'लीस्ट काउंट १ मिनिट' एवढंच होतं. त्यासाठी व्हर्निअरचे ३० भाग मुख्य पट्टीच्या २९ भागांशी जुळायला हवेत. दोन उपकरणांत ते जुळतच नव्हते. टेलिस्कोपचा क्लॅम्प घट्ट केला की क्रॉसवायर रेषेवरून सरकायची. पुरवठादाराशी पत्रव्यवहारात सत्र संपलं. आता मी लिहिते: पट्टीचे भाग, दोन समोरासमोरचे व्हर्निअर, टँजंट स्क्रूची हालचाल, सुटे भाग किती वर्षं मिळतील, आणि बिल मंजूर होण्याआधी आमच्या टेबलावर प्रत्येक नगाची तपासणी. लॅम्पबरोबर त्याचा चोकसुद्धा मागा.

जुनी पितळी उपकरणं निर्लेखित करावीत का?

घाई करू नका. राइट ऑफच्या यादीत नाव घालण्याआधी ते खरंच मेलं आहे की फक्त मळलं आहे ते बघा. वर लिहिलेले सहा स्पेक्ट्रोमीटर रुसले होते तेव्हा आमचं सत्र निभावलं ते अडगळीतल्या चार जुन्या, जड, काळ्या पडलेल्या स्पेक्ट्रोमीटरांनी. जुनं ग्रीस केरोसिनने धुऊन नवं लावलं, एवढंच. त्यांची पट्टी आजही मुलांना वाचायला सोपी जाते.

मोबाइल आणि सिम्युलेशन असताना एवढा पसारा कशाला?

मोबाइलचा मी स्वतः उपयोग करून घेते. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने २०१६ मध्ये काढलेलं फायफॉक्स हे अॅप फोनमधले सेन्सर उघडून देतं. दोलकाचा आवर्तकाल, चुंबकीय क्षेत्र, आवाजाची वारंवारता घरी बसून मोजता येते. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरने तयार केलेलं एक्स्पआइज हे छोटं उपकरणही कमी खर्चात खूप काही शिकवतं. दोन्हींचं स्वागत आहे.

पण २०२० आणि २०२१ ला सगळं पडद्यावर झालं. त्यानंतर एमएस्सीला आलेल्या काही मुलांनी स्पेक्ट्रोमीटर पहिल्यांदाच हातात घेतला होता. सूत्र पाठ होतं, आलेख सुरेख काढत होती. प्रिझम टेबलचे तीन स्क्रू कशाला असतात हे विचारल्यावर मात्र एकमेकांकडे बघत राहिली. सिम्युलेशनमध्ये टेबल आधीच समतल असतं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना प्रयोगशाळेत अडचण येते का?

येते, आणि ती सांगत नाहीत. शाळेत लोलक म्हणजे प्रिझम शिकलेलं मूल इथे 'पेंड्युलम' ऐकतं आणि दोलक, लोलक, लंबक यांत गोंधळतं. अपवर्तन, विवर्तन, व्यतिकरण हे शब्द त्याला येतात. 'डिफ्रॅक्शन' म्हटलं की तेच मूल खाली बघतं. काही ज्युनिअर कॉलेजांत बारावीपर्यंत प्रॅक्टिकल फळ्यावरच झालेलं असतं.

मी प्रत्येक टेबलाजवळ एक कार्ड लावलं आहे. त्यावर भागाचं चित्र, त्याचं इंग्रजी नाव देवनागरीत आणि मराठी नाव, आणि 'आधी काय, मग काय' अशा चार ओळी. शिक्षकांनी ते तपासून दिलं. गेली काही वर्षं प्रश्न वाढले आहेत, आणि मला ते हवेच होते. मुलं मला आधी ताई म्हणायची, आता मावशी म्हणतात. सरांना विचारायला संकोचणारं मूल मावशीला विचारतं. आपल्याला माहीत असेल तेवढं सांगावं, नसेल तर त्याला घेऊन सरांकडे जावं.

परीक्षेत सेट बिघडला तर गुण जातात का?

नाही. लगेच हात वर करा. एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर, वेळ लिहून घेतली जाते आणि दुसरा सेट मिळतो. वीस मिनिटं स्वतःच खटपट करून मग सांगितलं तर आम्हालाही काही करता येत नाही.

या नोकरीत शिकण्यासारखं काय आहे?

ई बाय एमचा (इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि वस्तुमान यांच्या गुणोत्तराचा) सेट लावताना मी मुलांना एक नाव सांगते, एबनेझर एव्हरेट. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लावला तो ज्या काचेच्या नळ्यांवर, त्या फुंकून बनवणारा त्यांचा सहायक हा. थॉमसन यांचा हात उपकरणांत फारसा चालत नसे. आणि आपल्याकडे कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत सी. व्ही. रामन यांच्याबरोबर आशुतोष डे अनेक वर्षं सहायक होते. डे यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, पण त्यांच्या हातांवर रामन यांचा भरवसा होता.

पगार, बढती, रिक्त पदं यांचे प्रश्न खरे आहेत. त्यासाठी संघटना आहे आणि तिथे बोललंच पाहिजे. शिकायचं म्हणाल तर दर वर्षी एक प्रयोग पूर्ण स्वतः करा. रीडिंग, आलेख, त्रुटी सगळं लिहून शिक्षकांना दाखवा. मी अशी एकोणीस जर्नलं भरली आहेत.

सुट्टी लागताना लॅब कशी बंद करायची?

घाईत बंद केलेली लॅब पुढचं सत्र खाते, म्हणून दोन दिवस राखून ठेवा. मल्टिमीटर, स्टॉपवॉच, रिमोट यांतले सेल काढा. गळलेला सेल आतलं सगळं खातो. सोनोमीटर आणि मेल्डेच्या तारांचा ताण सैल करा, वजनं उतरवून डब्यात घाला. यूपीएसच्या बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर बघा. टेलिस्कोप आणि मायक्रोस्कोपवर जुन्या सुती साडीचे खोळ घाला, प्लास्टिक नको, आत घाम धरतो. स्रोत मोजून रजिस्टरवर दोघांच्या सह्या घ्या. बेसिनचे नळ, मेन स्विच, पश्चिमेची खिडकी. आमच्याकडे पहिल्या पावसाची झड त्याच खिडकीतून येते, आणि तिच्याखालीच बार पेंड्युलमचं टेबल आहे. ते भिंतीपासून दोन हात पुढे ओढून ठेवते.